गणकयंत्राची साक्ष कोठवर ग्राह्य? : पुंज-अशुद्धी प्रणालींच्या कालगणनपद्धतींचे परीक्षण

१

पुंजयामिकीतील जे प्रश्न दिसावयास लहान आणि सोडवावयास कठीण आहेत, त्यांत धातूमधील एकट्या चुंबकी अशुद्धी-अणूचा प्रश्न अग्रगण्य होय. धातू थंड करीत गेले असता त्याचा विद्युत्-रोध उतरत जावा, ही सर्वसाधारण अपेक्षा. परंतु १९३४ साली लायडेन येथे द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ग यांना सोन्याच्या नमुन्यात रोध एका तापमानापर्यंत उतरून पुन्हा चढताना आढळला. या चढाचे कारण ध्यानी येण्यास तीस वर्षे लागली. १९६४ साली जून कोंडो यांनी दाखविले की, धातूत विरळ मिसळलेल्या चुंबकी अणूच्या स्पिनशी वहन-इलेक्ट्रॉनांच्या ज्या टकरी होतात, त्या या विसंगतीच्या मुळाशी आहेत. तत्पूर्वी १९६१ साली अँडरसन यांनी अशा अणूसाठी एक प्रतिमान मांडले होते. त्यात एक पातळी आहे. तिच्यावर दोन इलेक्ट्रॉन एकत्र आल्यास लागणारी प्रतिकर्षणाची ऊर्जा यू आहे. आणि भोवतालच्या इलेक्ट्रॉनसागराशी तिचा संबंध दर्शविणारी रुंदी गॅमा आहे. सामग्री एवढीच.

या अल्प सामग्रीतून निर्माण होणारा गुंता समतोलावस्थेपुरता तरी पुढील वीस वर्षांत उकलला. १९७५ साली विल्सन यांनी आपली संख्यात्मक रिनॉर्मलायझेशन पद्धती कोंडोच्या प्रश्नास लावली. त्याच पद्धतीने अँडरसन-प्रतिमानाची उकल करण्याचे काम विल्सन व विल्किन्स यांच्यासमवेत एच. आर. कृष्णमूर्ती या भारतीय संशोधकाने केले आणि १९८० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे दोन विस्तृत निबंध आजही या विषयाचे पाठ्यग्रंथ म्हणून वाचले जातात. त्याच वर्षी आंद्रेई आणि विगमन यांनी स्वतंत्रपणे कोंडो-प्रतिमानाची काटेकोर उकल सादर केली. समतोलाचे प्रकरण येथे बहुतांशी संपले.

कालाचे प्रकरण मात्र संपले नाही. १९९८ साली अर्धसंवाहकातील पुंज-बिंदूंत कोंडो-परिणाम प्रत्यक्ष दिसल्यापासून अशुद्धी-अणू ही निसर्गाने दिलेली वस्तू न राहता प्रयोगशाळेत घडविता येणारी वस्तू झाली. तिच्यावरील विद्युत्-दाब क्षणात बदलता येतो. मग पातळीवरील इलेक्ट्रॉनसंख्या, स्पिन आणि प्रवाह ही कोणत्या क्रमाने आणि किती वेळात नव्या अवस्थेस पोचतात, असा प्रश्न उभा राहतो. गेल्या दोन-अडीच दशकांत या प्रश्नाच्या उत्तरार्थ संख्यात्मक पद्धतींची मोठी गर्दी झाली आहे. आपल्या सातारा-सांगलीकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही त्यांपैकी काहींच्या तयार आज्ञावली आज विनासायास मिळतात, आणि प्रबंधिकेत लावण्यासारखा सुबक आलेख एका रात्रीत निघतो. तो आलेख कोठवर खरा मानावा, हे मात्र आज्ञावलीसोबत मिळत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू या पद्धतींची जंत्री देण्याचा नाही. त्यांतील प्रमुख पद्धतींची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी, असा आहे. पद्धतीने काढलेले उत्तर किती काळापर्यंत ग्राह्य आहे, आणि त्या मर्यादेपलीकडे ती कोणत्या प्रकारे चुकते? या काळाला येथे ‘ग्राह्य काळ’ असे म्हटले आहे. पद्धतींमधील भेद शेवटी त्यांच्या चुकांच्या जातींत आहे, आणि ग्राह्य काळ न सांगता दिलेला आलेख संशोधन म्हणून स्वीकारू नये, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम सर्वांत साध्या चुकीचा विचार करू. इलेक्ट्रॉनसागर अनंत आहे; गणकयंत्रात मात्र मोजक्याच पातळ्या मावतात. या मर्यादेचा परिणाम कृष्णाकाठच्या वाचकास एका परिचित दृष्टांताने सांगता येईल. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस वेण्णेचे आणि कऱ्हाडास कोयनेचे पाणी घेऊन सांगलीस येते. आयर्विन पुलाशी पाणी चढू लागले की वर पाऊस किती झाला याच्या जोडीने खाली पाणी किती वेगाने निघून जाते आहे, हाही प्रश्न विचारला जातो. २००५ व २०१९ या सालांच्या महापुरांनंतर कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यासंबंधी जो वाद झाला, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे. त्या वादाचा निकाल देण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु नदीचे गणित मांडणाऱ्याने कागद संपला म्हणून सांगलीच्या थोडे खाली पात्राला आडवी भिंत घातली, तर त्याच्या गणितात पाणी अवश्य परत येईल, आणि त्या फुगवट्याचा दोष कोणत्याही धरणावर नसून केवळ त्याच्या कागदावर असेल. अशुद्धी-प्रणालीतही नेमके असेच घडते.

आकडे घेऊन पाहू. यू शून्य मानावा, म्हणजे प्रश्न एक-इलेक्ट्रॉनी होतो व त्याचे काटेकोर उत्तर हाती असते. गॅमाच्या व्यस्ताला काळाचे एकक मानू. रुंद पट्ट्याच्या रिकाम्या इलेक्ट्रॉनसागराशी जोडलेली भरलेली पातळी रिकामी होत जाते. तिच्यावरील इलेक्ट्रॉनसंख्या घातांकी नियमाने घटते आणि तीन एककांनंतर ती ०.००२५ इतकीच उरते. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने हा सागर पट्ट्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंस दहा-दहा गॅमापर्यंत समान अंतराच्या २० पातळ्यांनी दर्शविला. दोन लगतच्या पातळ्यांतील अंतर एक गॅमा झाले, आणि दोन पाय भागिले हे अंतर, म्हणजे सुमारे ६.२८ एकके, इतक्या काळानंतर बाहेर गेलेली लहर परत येते. समान अंतराच्या पातळ्यांचा हा हिशोब कागदावर करता येतो व त्यावरून असे दिसते की, सुमारे ७.३ एककांच्या सुमारास पातळीवरील इलेक्ट्रॉनसंख्या शून्यालगतून उठून पुन्हा ०.५४ च्या आसपास जाते. रिकामी झालेली पातळी अर्ध्याहून अधिक भरते!

ज्याला हा हिशोब ठाऊक नाही, तो या चढावर ‘स्मृतीचा पुंज-परिणाम’ म्हणून एक प्रकरण लिहील. ज्याला ठाऊक आहे, तो पातळ्या २० वरून २०० करील. परतीचा काळ ६२.८ होईल आणि चढ नाहीसा होईल. पातळ्यांच्या संख्येप्रमाणे जो परिणाम सरकतो तो निसर्गाचा नव्हे, एवढे सूत्र या एका उदाहरणावरून मिळते.

यू शून्य नसेल तर मात्र पातळ्या वाढविणे असे स्वस्त राहत नाही. दोन स्पिन धरून प्रत्येक पातळीच्या चार अवस्था होतात. अशुद्धी-पातळी आणि सागराच्या २० पातळ्या मिळून चाराचा एकविसावा घात, म्हणजे सुमारे ४.४ लक्ष कोटी अवस्था होतात. संख्येचे संरक्षण वगैरे नियमांनी यातून काही सूट मिळते, परंतु मूळ अडचण कायम राहते. म्हणून सर्व पद्धतींना कोठे तरी काहीतरी सोडून द्यावे लागते. काय सोडावे, यावरून त्यांचे घराणे ठरते.

३

विल्सन यांचा मार्ग असा की, सागराच्या पातळ्या समान अंतराने न घेता फर्मी-पातळीकडे जाताना प्रत्येक टप्प्यास ठराविक पटीने दाट कराव्यात. ही पट लॅम्डा या अक्षराने दर्शवितात, व ती सामान्यतः दोन किंवा त्याहून अधिक घेतात. असे केल्याने थोड्या पातळ्यांत अतिसूक्ष्म ऊर्जेपर्यंत पोचता येते. कोंडो-प्रश्नाला हेच हवे असते, कारण तेथे महत्त्वाची ऊर्जा घातांकी लहान असते. सममित अँडरसन-प्रतिमानाच्या प्रचलित सूत्राने हिशोब केला, तर यू आठ गॅमा असता कोंडो-ऊर्जा सुमारे ०.१०५ गॅमा येते, म्हणजे तिच्याशी निगडित काळ सुमारे ९.५ एकके होतो. यू दुप्पट, म्हणजे सोळा गॅमा केला की कोंडो-ऊर्जा ०.००५८ गॅमावर येते आणि काळ सुमारे १७२ एकके होतो. प्रतिकर्षण दुप्पट झाले आणि लागणारा काळ अठरा पटींनी वाढला. पुढील सर्व विवेचनात वाचकाने हे दोन आकडे, ९.५ आणि १७२, मनाशी ठेवावेत.

२००५ साली अँडर्स आणि शिलर यांनी विल्सन-पद्धतीला कालविकासाचे अंग दिले. प्रत्येक टप्प्यास टाकून दिलेल्या अवस्थांचाच उपयोग करून त्यांनी संपूर्ण आधारसंच उभा केला, ही त्यांची कल्पना खरोखर सुंदर आहे. या पद्धतीने अत्यंत दीर्घ काळ गणिताच्या आवाक्यात येतो आणि १७२ एककांची तिला भीती वाटत नाही. परंतु येथेच परीक्षकाने सावध व्हावयास पाहिजे. दीर्घ काळ गणता येणे ही एक गोष्ट आणि दीर्घ काळाचे उत्तर खरे असणे ही दुसरी. विल्सन-साखळीतील दुवे पुढे पुढे दुबळे होत जातात, त्यामुळे बाहेर निघालेली लहर हळूहळू मंदावते आणि शेवटच्या भिंतीपर्यंत जाण्याआधी वाटेतच थोडी थोडी परावर्तित होते. म्हणजे आपल्या दृष्टांतातील भिंत येथे नाहीशी झालेली नसून नदीभर बारीक बंधाऱ्यांच्या रूपाने पसरली आहे. २०१२ साली रॉश यांनी विल्सन-साखळी ही उष्णता सामावून घेणारा खरा साठा होऊ शकत नाही, असे स्पष्ट दाखविले. अणूच्या अवस्थेत अचानक बदल केल्यावर जी ऊर्जा मुक्त होते ती शोषून घेण्याची शक्ती या विरळ साखळीत नाही. परिणामी दीर्घ काळानंतरचे मूल्य खऱ्या समतोलमूल्यापासून ढळलेले राहते, आणि ते किती ढळेल हे लॅम्डावर अवलंबून असते.

यावर उपाय म्हणून साखळीची मांडणी किंचित सरकवून अनेक उत्तरांची सरासरी घेतात आणि कंपने गुळगुळीत करतात. सरासरीने आलेख देखणा होतो, हे खरे. परंतु कंपने ही चुकीची खूण होती. ती पुसल्याने वाचकाला मिळणारी एकमेव सूचनाही नाहीशी होते, हेही तितकेच खरे. या पद्धतीचा वापर करणाऱ्याने सरासरीपूर्वीचा आलेख एकदा तरी छापावा, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

४

दुसरे घराणे छाटणीचे. १९९२ साली व्हाइट यांनी मांडलेली घनता-मॅट्रिक्सची पद्धती आणि २००४ च्या सुमारास विदाल, व्हाइट व फाइगुइन, तसेच डेली व त्यांचे सहकारी यांनी तिला दिलेले कालविकासाचे रूप हे या घराण्याचे मुख्य आधार होत. साखळी कोठेही कापली असता तिच्या दोन भागांतील संबंध लंबरूप जोड्यांच्या बेरजेने लिहिता येतो. प्रत्येक जोडीला एक वजन असते. मोठ्या वजनाच्या जोड्या ठेवाव्यात आणि हलक्या टाकाव्यात, हे तत्त्व.

या तत्त्वाशी मराठी वाचकाची ओळख वाटते त्याहून जुनी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना १९४३ साली त्यांनी फलांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक फल अशा लंबरूप फलांत मांडावे की, थोडक्या पदांत जास्तीत जास्त विचलन सामावले जावे, हा त्यातील विचार. पुढे हा सिद्धांत कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर रूढ झाला. कोसंबींना पुंज-साखळ्यांशी काही कर्तव्य नव्हते, आणि व्हाइट यांची पद्धती त्यांच्यापासून निघाली असे म्हणणेही चुकीचे होईल. परंतु गणिती कुळ एक आहे, आणि कोसंबींच्या निबंधाची आठवण ठेवून पाहिले तर छाटणीच्या पद्धतीतील एक दुबळी जागा चटकन लक्षात येते.

कोसंबींच्या प्रश्नात संग्रहित सामग्री समोर असते. तिच्यातील मोठे कोणते आणि लहान कोणते याचा निवाडा एकदाच व्हावयाचा असतो. कालविकासात हा निवाडा प्रत्येक पावलास करावा लागतो, आणि आज ज्याचे वजन हलके आहे ते उद्या भारी होणार नाही याची हमी कोणी देत नाही. टाकलेल्या वजनांची बेरीज लहान आहे एवढे सांगून अनेक लेखक थांबतात. ती बेरीज अवस्थेच्या चुकीचे माप आहे हे मान्य. परंतु हजारो पावलांत ती साचत जाते, आणि मोजावयाच्या राशीवर, उदाहरणार्थ अतिक्षीण प्रवाहावर, तिचा परिणाम त्या राशीच्याच तोडीचा असू शकतो. ठेवलेल्या जोड्यांची संख्या दुप्पट करून आलेख कोठे फुटतो ते पाहणे, ही त्यामानाने अधिक प्रामाणिक परीक्षा होय. जेथे दोन आलेख विलग होतात तेथे ग्राह्य काळ संपला.

किती जोड्या ठेवाव्या लागतात, हे दोन भागांतील गुंफणीवर अवलंबून असते. केवळ अशुद्धीच्या ठिकाणी केलेल्या स्थानिक बदलानंतर ही गुंफण लॉगरिदमच्या मंद गतीने वाढते आणि पद्धती उत्तम चालते. परंतु दोन बाजूंच्या सागरांत विद्युत्-दाबाचा फरक ठेवून प्रवाह वाहविला की गुंफण काळाच्या सम प्रमाणात वाढू लागते, आणि जोड्यांची संख्या घातांकी होते. येथे यंत्रबळ किती उपयोगी पडते ते पाहण्यासारखे आहे. गणनेचा खर्च जोड्यांच्या संख्येच्या घनाने वाढतो. म्हणून हजारपट शक्तीचे यंत्र मिळाले तर जोड्या दहापट ठेवता येतील. पूर्वी हजार जोड्यांत जेवढा काळ गाठला, त्यात दहा हजार जोड्यांनी केवळ तिसऱ्या हिश्श्याची भर पडेल. हजारपट यंत्र, आणि काळात तृतीयांश वाढ! पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हे यंत्र सिद्ध केल्यापासून महागणकयंत्रांचा अभिमान आपल्याकडे रुजला आहे आणि तो योग्यही आहे. परंतु घातांकाशी झुंज केवळ यंत्राने जिंकता येत नाही, हे गणित त्या अभिमानाच्या शेजारीच लिहून ठेवावयास हवे.

झुंज जिंकली जाते ती मांडणी बदलून. साखळीऐवजी सर्व पातळ्या थेट अशुद्धीला जोडलेली ताराकृती मांडणी घेतली तर गुंफण कमी होते, असे २०१४ साली वुल्फ, मॅककलॉक आणि शॉलवॉक यांनी दाखविले. पुढे २०२० साली राम्स आणि झ्वोलाक यांनी दोन्ही सागरांतील समान ऊर्जेच्या पातळ्या शेजारी शेजारी मांडल्या, आणि प्रवाह वाहत असतानाही गुंफणीची वाढ लॉगरिदमवर आणली. यंत्र तेच, परंतु प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बदलली. ज्याच्यापाशी मोठे यंत्र नाही त्या संशोधकाने या दोन उदाहरणांचे मनन करावे.

५

तिसरे घराणे नमुना-निवडीचे, म्हणजे माँटे कार्लोचे. येथे अवस्था छाटीत नाहीत. घटनाक्रमांच्या प्रचंड बेरजेतून यादृच्छिक नमुने उचलतात. २००८-०९ मध्ये म्यूलबाखर व राबानी, वेर्नर, ओका व मिलिस, तसेच स्किरो व फाब्रित्सियो यांनी वास्तव काळातील अशुद्धी-प्रश्नास ही पद्धती लावली. तिचा मोठा गुण असा की, ती आपल्या चुकीचे माप स्वतःच देते. संख्याशास्त्रीय अनिश्चिती आलेखावर उभ्या रेषांनी दाखविता येते. छाटणीच्या पद्धतीत हा प्रामाणिकपणा उपजत नाही.

परंतु वास्तव काळात बेरजेतील पदांना कला असते, ती एकमेकांस खोडतात, आणि उरणारी सरासरी काळाबरोबर घातांकी रीतीने आटते. सापेक्ष चूक तेवढीच राखावयाची तर काळ दुप्पट करण्यास नमुन्यांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. दहा लाख नमुन्यांत जे साधले, त्याच्या दुप्पट काळास एक लाख कोटी नमुने! ९.५ एककांचा प्रश्न कसाबसा आवाक्यात येतो. १७२ एककांपुढे ही पद्धती हात टेकते. २०१५ साली कोहेन, गुल, राइखमन आणि मिलिस यांनी अळीच्या चालीने पुढे सरकणारी रीत सुचविली. तीत लहान कालखंडासाठी काढलेले उत्तर पुढच्या कालखंडाच्या गणनेत पायरी म्हणून वापरतात, आणि घातांकी वाढ पुष्कळ अंशी टळते. मात्र अशा रीतीत मागच्या पायरीची चूक पुढच्या पायरीच्या पोटात जाते. म्हणून आलेखावरील उभी रेषा केवळ त्या पायरीपुरती काढलेली असेल तर ती अपुरी होय. मूळ पद्धतीचा प्रामाणिकपणा सुधारलेल्या रीतीत आपोआप उतरत नाही. तो पुन्हा कमवावा लागतो.

त्याच वर्षी प्रोफ्युमो, ग्रोथ, मेस्सिओ, पार्कोले आणि वेंताल यांनी यूच्या चढत्या घातांत उत्तर मांडून, खोडाखोड होणारी पदे प्रथमच एकत्र बांधली. या मांडणीत खर्च काळावर अवलंबून राहत नाही आणि स्थिर प्रवाहाचे मूल्य थेट काढता येते. काळाची भिंत येथे खरोखर पडली. परंतु तिच्या जागी घातांच्या संख्येची भिंत उभी राहिली, कारण यू मोठा झाला की श्रेणी नीट जुळत नाही व तिचे पुनर्संकलन करावे लागते. एका जातीच्या चुकीतून सुटका होते ती बहुधा दुसऱ्या जातीची चूक पत्करूनच.

६

चौथे घराणे स्मृतीचे. १९६३ साली फाइनमन आणि व्हर्नन यांनी दाखविले की, भोवतालचा साठा परस्परक्रियारहित असेल तर त्याला हिशोबातून काटेकोरपणे वजा करता येते; त्याच्या जागी अशुद्धीच्या सर्व भूतकाळावर अवलंबून असणारे एक प्रभाव-फल उरते. पातळ्यांची भिंत अशा रीतीने मुळातच नाहीशी होते. तिच्या जागी येते ती स्मृतीची लांबी.

दोन अवस्थांच्या लहान प्रणालीसाठी स्मृतीचे दहा टप्पे ठेवले तर चाराच्या दहाव्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे साडेदहा लाख संख्या सांभाळाव्या लागतात. ते घरगुती यंत्रावरही होते. वीस टप्प्यांना मात्र सुमारे १.१ लक्ष कोटी संख्या होतात. मकारोव्ह आणि माकरी यांच्या पद्धतीची ही जुनी अडचण होती. २०१८ साली स्ट्रॅथर्न, कर्टन, किल्डा, कीलिंग आणि लव्हेट यांनी ही स्मृतीच छाटणीच्या पद्धतीने साठविली, आणि शंभराहून अधिक टप्पे शक्य झाले. इलेक्ट्रॉनांच्या साठ्यासाठी हाच मार्ग लेरोज, सॉनर, थोनिस आणि अबानिन यांनी, तसेच एन्जी, पार्क, मिलिस, चॅन आणि राइखमन यांनी २०२१ ते २०२३ या काळात पुढे नेला. येथे कापावयाची गुंफण स्थलातील नसून कालातील असते, आणि अनेक महत्त्वाच्या प्रसंगी ती स्थलातील गुंफणीपेक्षा पुष्कळ मंद वाढते. आजच्या घडीस या घराण्याकडून सर्वाधिक अपेक्षा आहे, असे लेखकाचे मत आहे.

तानिमुरा आणि कुबो यांनी १९८९ साली मांडलेली श्रेणीबद्ध समीकरणांची पद्धतीही याच कुळातली. तीत स्मृती घातांकी पदांच्या बेरजेने लिहितात. तापमान बरेच असेल तर पदे थोडी लागतात आणि पद्धती उत्कृष्ट चालते. तापमान कोंडो-ऊर्जेच्या खाली उतरले की पदांची संख्या वाढत जाते. म्हणजे नेमके जेथे कोंडोचे भौतिक सत्य दडले आहे, तेथेच ती महाग होते. या पद्धतीने काढलेला उच्च तापमानाचा आलेख दाखवून कोंडो-परिणामाविषयी बोलणे हे आषाढातील पूर चैत्रातील पात्रावरून वर्णिण्यासारखे आहे.

७

वरील परीक्षणातून परीक्षकाच्या हाती काय लागते? विल्सन-घराणे दूरवर जाते, पण दूरचे मूल्य ढळलेले देते. छाटणीचे घराणे जवळचे अत्यंत स्वच्छ दाखविते, पण गुंफण वाढली की एकाएकी आंधळे होते. नमुना-निवडीचे घराणे आपली चूक स्वतः सांगते, पण तिची किंमत घातांकाने मागते. स्मृतीचे घराणे साठ्याची भिंत काढते, पण भूतकाळाचे ओझे वाहते. यांतील कोणतेही एक श्रेष्ठ म्हणून स्वीकारून इतरांस निरोप देणे शहाणपणाचे होणार नाही. भिन्न जातींच्या चुका करणाऱ्या दोन पद्धती एकाच उत्तरास पोचल्या, तरच त्या उत्तराचे वजन वाढते. एकाच पद्धतीच्या दोन आज्ञावली जुळल्या, तर एवढेच सिद्ध होते की दोन्ही यंत्रे एकच चूक सारख्या निष्ठेने करतात.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याच्यापाशी साधे यंत्र, दोन वर्षे आणि मार्गदर्शकाचा अर्धा वेळ असतो. त्याने या क्षेत्रात पाऊल टाकूच नये काय? लेखकाचे उत्तर याच्या उलट आहे. फक्त पावलांचा क्रम बदलावयास पाहिजे. यू शून्य असलेला प्रश्न एक हजार पातळ्या घेऊन सोडविणे म्हणजे हजार बाय हजारच्या एका मॅट्रिक्सचे कर्णीकरण. कोणत्याही महाविद्यालयीन यंत्रावर ते काही क्षणांत होते, आणि वरील रुंदीच्या पट्ट्यात परतीचा काळ ३१४ एककांवर जातो. हा आलेख म्हणजे त्याचा कसोटीचा दगड. बाहेरून आणलेली प्रत्येक आज्ञावली त्याने प्रथम या दगडावर घासावी.

मात्र कसोटी डोळसपणे लावली पाहिजे. जी पद्धती यूच्या घातांत उत्तर मांडते, तिच्यासाठी यू शून्य ही कसोटीच नव्हे. तेथे ती काही न करताच उत्तीर्ण होते. साखळी छाटणाऱ्या पद्धतीला मात्र यू शून्य असला तरी गुंफणीचे संपूर्ण ओझे उचलावे लागते, म्हणून तिच्यासाठी ही कसोटी खरी आहे. कोणत्या पद्धतीला कोणती परीक्षा अवघड जाते हे ओळखणे हा या विषयातील अभ्यासाचा गाभा होय, आणि त्याला महागणकयंत्र लागत नाही.

यानंतर यू हळूहळू वाढवावा. प्रत्येक पायरीस कोंडो-काळ सूत्राने काढून तो ग्राह्य काळाच्या शेजारी लिहावा. ग्राह्य काळ वीस एकके आणि कोंडो-काळ साडेनऊ असेल, तर कोंडो-अवस्था घडत असताना आपण ती पाहिली असे म्हणण्यास आधार आहे. ग्राह्य काळ वीस आणि कोंडो-काळ १७२ असेल, तर आलेखात जे स्थिर दिसते ती वाटेतील एक विश्रांती होय. तिला अंतिम अवस्था म्हणण्याचा अधिकार लेखकास नाही. हा एक आकडा छापण्याची शिस्त पाळली गेली, तरी प्रसिद्ध होणाऱ्या अनेक निबंधांची भाषा सौम्य होईल.

प्रबंधिकेचे परीक्षण करणाऱ्यांवरही यातून एक जबाबदारी येते. आलेख दीर्घ काळाचा आहे म्हणून गुण वाढविण्याची आणि विद्यार्थ्याने स्वतः आलेख अर्ध्यावर तोडला म्हणून ते कमी करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ज्याने पातळ्या दुप्पट केल्या, जोड्या दुप्पट केल्या, दोन आलेख कोठे फुटले ते पाहिले आणि तेथेच आपली रेघ थांबविली, त्याने पुढील संशोधकाला टेकण्यासाठी एक भक्कम जागा दिली. ती जागा बारा एककांवर असेल, कदाचित आठांवर. तेवढ्या काळापुरती गणकयंत्राची साक्ष पूर्ण ग्राह्य आहे, आणि विज्ञानाच्या न्यायालयात अशी अपुरी परंतु खरी साक्षच टिकते.